चार सोललेली नखं आणि परवावर आलेलं ऑपरेशन: जेल पॉलिश काढण्याचं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्याकडे आलेल्या एका ग्राहकाचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत, नखांबद्दलचं मात्र सगळं जसं घडलं तसंच आहे. नखांचं काम मी बरीच वर्षं करते. तरी त्या संध्याकाळी माझ्या हातून दोन चुका झाल्या, त्याही जागच्या जागी लिहिल्या आहेत.

पार्श्वभूमी

बाई चाळिशीच्या. सोळा दिवसांपूर्वी दुसरीकडे जेल पॉलिश लावून घेतलेलं, गडद मरून रंगाचं, दहाही बोटांना. त्यांचं एक छोटं ऑपरेशन ठरलं होतं, पण तारीख दीड महिन्याने होती. तोवर पॉलिश निघालेलं असेल असा त्यांचा हिशोब. मग तारीख अलीकडे आली आणि हॉस्पिटलने दिलेल्या सूचनांच्या कागदावर एक ओळ होती: नेलपॉलिश काढून यावे.

ही ओळ का असते ते आधी सांगते. भूल देताना बोटाला एक चिमटा लावतात. पल्स ऑक्सिमीटर. त्यातून लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश बोटातून आरपार जातात, आणि कुठला किती शोषला गेला यावरून रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज बांधला जातो. गडद रंग मध्ये आला की आकडा चुकू शकतो. शिवाय नखाखालची त्वचा गुलाबी आहे की निळसर पडते आहे, हे डॉक्टरांना नुसत्या डोळ्यांनीही बघायचं असतं.

साधं नेलपॉलिश असतं तर हे पाच मिनिटांचं काम. साधं पॉलिश म्हणजे द्रावकात विरघळवलेला पदार्थ वाळून झालेला पापुद्रा. पुन्हा द्रावक लावलं की तो विरघळतो, कापसाला पुसून येतो. जेलचं तसं नाही. दिव्याखाली हात धरला की त्यातले रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि जाळं तयार होतं. हे जाळं ॲसिटोनमध्ये विरघळत नाही. ॲसिटोन आत शिरतं, जाळं फुगतं, मऊ पडतं आणि नखावरची पकड सोडतं. यालाच वेळ लागतो, आणि बहुतेक नखं त्या वेळेतच खराब होतात, कारण माणूस थांबत नाही.

अडचण

त्या आल्या तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. ऑपरेशन परवा सकाळी.

टेबलावर हात ठेवता ठेवताच म्हणाल्या, "ताई, रागावू नका. चार मीच काढली."

डावा हात पाहिला. अंगठा आणि त्याच्या शेजारची तीन बोटं. आधी गरम पाण्यात हात बुडवून बसल्या होत्या, मग कडेला सुटलेल्या भागाखाली प्लास्टिकचं कार्ड सरकवून जेल उचकटलं होतं. अंगठ्याचं तर एकसंध निघालं म्हणे, "अगदी स्टिकरसारखं." तो तुकडा त्यांनी कागदात गुंडाळून आणला होता. मी तो उजेडात उलटा धरला. आतल्या बाजूला पांढरट, कोंड्यासारखा थर चिकटलेला होता. ते नख होतं, नखाचा वरचा पापुद्रा.

हाताच्या नखाची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात केराटिनच्या चपट्या पेशींचे थर एकावर एक दाबून बसलेले असतात. जेल वरच्या थराला घट्ट धरून असतं, त्यामुळे ओढलं की जेल आणि नख यांच्यामधून सुटण्याऐवजी बऱ्याचदा नखाच्या दोन थरांमधूनच फाटतं. गरम पाण्याने काम आणखी बिघडतं. नख पाणी पटकन पितं, फुगतं, मऊ होतं. जेल मात्र तसंच कडक राहतं. म्हणजे "पाण्याने सुटायला मदत झाली" असं वाटतं तेव्हा खरं तर नख हार मानत असतं.

डाव्या हाताची स्थिती अशी होती: चारही नखांवर पांढरे, खरबरीत चट्टे. टोकं दाबली की वाकत होती. तर्जनीच्या कडेची कातडी फाटून लाल झालेली, हात लावला की दुखत होती. त्या चार नखांवर मरून रंगाची बेटं अजून शिल्लक. करंगळी त्यांनी सोडून दिली होती, कारण तोवर रडू यायला लागलं होतं.

उजव्या हाताला त्यांनी हात लावला नव्हता. डाव्या हाताने कार्ड धरता येईना, म्हणून ती पाच नखं वाचली.

आधी सोडवायचा प्रश्न: तो लालसरपणा कशाचा?

हे मी मुद्दाम वेगळं लिहिते आहे. जेलमधल्या मेथॅक्रिलेट जातीच्या रसायनांची ॲलर्जी होऊ शकते, आणि ती एकदा झाली की सहसा जन्मभराची. हेमा नावाचं त्यातलं एक रसायन तर इतकं बदनाम आहे की युरोपीय संघाने २०२१ पासून ते असलेल्या नखांच्या उत्पादनांवर 'फक्त व्यावसायिक वापरासाठी' अशी सूचना सक्तीची केली. हीच जात दातांच्या काही भरावांत आणि हाडांच्या सिमेंटमध्येही असते. म्हणजे ऑपरेशनच्या तोंडावर ॲलर्जीची शंका असेल तर ती डॉक्टरांना सांगायलाच हवी.

मी विचारलं: खाज आहे का? बारीक पुळ्या? पापण्यांवर, मानेवर काही? सगळ्या बोटांना की एकाच? दुखणं फक्त तर्जनीला होतं, फाटलेल्या बाजूलाच, आणि कालपासूनच. खाज कुठेच नव्हती. उजवा हात स्वच्छ. ही जखम आहे असं मी धरलं. निदान करणं माझं काम नाही, म्हणून "हे बोट उद्या हॉस्पिटलमध्ये दाखवा" एवढंही सांगितलं.

समोरचे पर्याय

सगळ्यात आधी मी त्यांना हॉस्पिटलला फोन करायला सांगितलं. दहाही बोटं हवीत की एखाद-दोन मोकळी पुरतील? अर्धं संकट इथेच टळू शकलं असतं. उत्तर आलं: रंग सगळा काढा, दोन्ही हातांचा. काही निघालं नाही तर आल्या आल्या सांगा. आणि त्या सकाळी हाताला तेल-क्रीम काही लावू नका. 'निघालं नाही तर सांगा' या वाक्याचा नंतर फार उपयोग झाला.

मग काढायचं कसं?

राहिलेलंही उचकटून काढणं हा पर्याय त्यांनी स्वतःच बाद केला. सगळं फाइलने घासून उतरवणं शक्य होतं, पण सोललेल्या नखांवर फाइल म्हणजे उरलेलं नखही घासून टाकायचं. ॲसिटोनच्या वाटीत बोटं बुडवून बसणं सोपं खरं, पण त्यात पेरापर्यंतची सगळी कातडी कोरडी पडते, आणि फाटलेल्या तर्जनीला ते झोंबणार हे उघड होतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मॅटॉलॉजीचा सल्लाही असाच आहे की ॲसिटोन बोटाच्या टोकापुरतंच लागू द्यावं. ॲसिटोन नसलेला रिमूव्हर त्यांच्याकडे घरी होता. साध्या पॉलिशला तो चालतो, जेलपुढे त्याचं फारसं काही चालत नाही.

पर्समधून त्यांनी आणखी एक बाटली काढली. ब्रशने लावा, पाच मिनिटांत जेल फुगून निघेल, असा दावा असलेली पेस्ट. बाटलीवर घटकांची यादी नव्हती. आत काय आहे ते माहीत नसलेली वस्तू मी सोललेल्या नखावर लावत नाही, तेही ऑपरेशनच्या दोन दिवस आधी. ती परत पर्समध्ये गेली.

राहिला नेहमीचा मार्ग: वरचा थर फाइलने उघडायचा, नखापुरता ॲसिटोनचा कापूस, वर फॉइल, आणि वाट पाहायची. उजव्या हाताला तो सरळ लागू होता. डाव्या हाताचं नंतर बघू असं ठरवलं.

केलेली कृती: उजवा हात

इथे पहिली चूक. वेळ कमी म्हणून मी टॉप कोट, म्हणजे जेलचा सगळ्यात वरचा थर, उघडायला ई-फाइल (विजेवर फिरणारी फाइल) घेतली आणि अंगठ्यापासून सुरुवात केली. थर नेहमीपेक्षा जाड लागला. जाड का, हे विचारण्याऐवजी मी एकाच जागी जरा जास्त रेंगाळले. घर्षणाने नख तापलं आणि त्यांनी हात झटकन मागे घेतला. चटका बसण्याइतकं मशीन एका जागी राहिलं म्हणजे वापरणारीचं चुकलंच, त्यात वाद नाही. मी मशीन बंद केलं आणि १८० ग्रिटची हाताची फाइल घेतली.

फाइल किती मारायची? चकाकी पूर्ण जाईपर्यंत आणि रंगाचा वरचा भाग पुसट होईपर्यंत. टॉप कोट हा सगळ्यात घट्ट थर, तो फुटला नाही तर ॲसिटोन वरच्या वरच राहतं. पण रंग विरळ होऊन खालचा बेस दिसू लागला की थांबायचं. गडद रंगाचा हा एक फायदा, कुठवर आलो ते दिसतं. भुकटी श्वासात जाऊ नये म्हणून दोघींनी मास्क लावले होते.

मग नखाभोवतीच्या कातडीला पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. नखावर जेली येऊ द्यायची नाही, नाहीतर तिथे ॲसिटोन पोचत नाही. कापूस नखाएवढाच कापलेला, ओथंबणारा नाही पण चांगला भिजलेला. त्यावर फॉइल घट्ट गुंडाळून टोक दाबलेलं. खिडकी उघडी. खोलीत ज्योत, गरम इस्त्री, काही नाही. ॲसिटोनची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली पसरत जाते आणि दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. ऊब मिळाली तर काम लवकर होतं म्हणून फॉइल लावलेला हात कोमट टॉवेलमध्ये ठेवला. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं, त्यामुळे बाटली गरम करण्याचा प्रयोग कुणी करू नये, चुलीवर नको आणि मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नको.

बारा मिनिटांनी दुसरी चूक. मी पाचही फॉइल एकदम उघडल्या.

मधल्या बोटावरचं जेल सुरेख सुटलं होतं, उन्हात पोपडे धरलेल्या रंगासारखं. लाकडी काडी क्यूटिकलकडून (नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीकडून) टोकाकडे हलकेच सरकवली आणि ते आपोआप गोळा झालं. अनामिकेचंही तसंच. पण या दोघांना तीन-चार मिनिटं लागली, आणि तेवढ्यात करंगळीवरचं ॲसिटोन उडून गेलं. मऊ झालेलं जेल पुन्हा कडक. काडी अडायला लागली. अशा वेळी हात आपसूक जोर लावतो. मी काडी खाली ठेवली, नवा कापूस लावून पाच मिनिटं पुन्हा बांधलं. एक बोट उघडायचं, ते पुरं करायचं, मग पुढचं: हे मी शिकणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते.

अंगठा आणि तर्जनी यांचं काहीतरी वेगळंच होतं. मरून रंग निघाला, पण त्याखाली काचेसारखा पारदर्शक थर तसाच. काडीने टोकरलं तर टक्-टक् आवाज. आणखी आठ मिनिटं बांधून ठेवलं. काही फरक नाही.

तेव्हा कुठे मी विचारलं, "ताई, या दोन नखांवर आणखी काही लावलं होतं का?"

"हो, तडा गेला होता ना. त्या म्हणाल्या, यावर जरा मजबूत घालते."

म्हणजे हार्ड जेल. त्याचं जाळं इतकं दाट की ॲसिटोन आत शिरतच नाही. ते भिजवून निघत नाही, घासूनच काढावं लागतं. अंगठ्याचा थर जाड का लागला होता, त्याचंही उत्तर मिळालं.

निर्णयाची जागा: काढायचं की ठेवायचं?

मला वाटतं या सगळ्या प्रकरणात हाच खरा निर्णय होता. आणखी अर्धा तास भिजवण्यात अर्थ नव्हता, नुसती कातडी वाळली असती. नखापर्यंत घासत जाणं शक्य होतं. पण खाली तडा होता, नेमका कुठे ते पारदर्शक थरातून नीट दिसत नव्हतं, साडेआठ वाजले होते, आणि एकदा चटका देऊन झाला होता.

त्यांना दहाही नखं कोरी करकरीत हवी होती. "कागदावर लिहिलंय ना." मी त्यांना फोनवरचं उत्तर आठवून दिलं: रंग काढा, राहिलं तर सांगा. रंग निघाला होता. मग हाताच्या फाइलने तो थर पातळ केला, टोकं आखूड केली आणि तडा झाकलेला राहू दिला. "हॉस्पिटलमध्ये गेल्या गेल्या सांगा, या दोन बोटांवर पारदर्शक जेल आहे, चिमटा दुसऱ्या बोटाला लावा." त्यांना ते पटलं, पण पूर्ण नाही. निघेपर्यंत त्या दोन नखांकडेच बघत होत्या.

डावा हात

करंगळी नेहमीच्या पद्धतीने निघाली. अंगठा, मधलं बोट आणि अनामिका यांच्यावर रंगाची बेटं होती. तिथे फाइल लावली नाही. फक्त त्या बेटाएवढे कापसाचे तुकडे, सात-सात मिनिटं, एकेक बोट. टॉप कोट उचकटताना आधीच तुटलेला होता, त्यामुळे ॲसिटोनला कडेने वाट मिळाली. पातळ नखावर थोडं चरचरलं, सहन होण्याइतकं. "जळतंय म्हणालात की लगेच काढते" असं ठरलं होतं, तशी वेळ आली नाही.

तर्जनीला ॲसिटोन लावलंच नाही. उघड्या जखमेशेजारी ते नको. शिल्लक ठिपका तांदळाच्या दाण्याएवढा, तोही टोकाजवळ. नख आखूड कापल्यावर त्यातला बहुतेक गेला, उरलेला मऊ बफरने चार-पाच हलक्या हातांत.

शेवटी साबणाने हात धुतले, कोरडे केले, नखांना आणि कडांना तेल चोळलं. ॲसिटोन नखातलं तेल आणि ओलावा दोन्ही ओढून घेतं, म्हणून नखं पांढरट, रखरखीत दिसतात. त्यातला काही पांढरेपणा तेलाने लगेच गेला. सोललेले चट्टे तसेच राहिले. एकूण दोन तासांना दहा मिनिटं कमी.

जाताना त्यांनी विचारलं, ऑपरेशननंतर हे झाकायला पुन्हा जेल लावलं तर? हा प्रश्न जवळपास प्रत्येक जण विचारते. सोललेल्या नखावर जेल नीट धरत नाही, लवकर सुटतं, आणि सुटलेलं पाहिलं की पुन्हा सोलायचा मोह होतो. मी नाही म्हटलं.

निष्पत्ती

ऑपरेशनच्या दिवशी त्यांनी दोन बोटांबद्दल सांगितलं. चिमटा उजव्या मधल्या बोटाला लागला. तर्जनीवर तिथल्या डॉक्टरांनी मलम दिलं, नखुरडं झालं नाही, आठवड्यात भरून आलं.

नखांना मात्र वेळ लागला. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, आणि सोललेला थर जागच्या जागी भरून येत नाही, कारण नख ही मृत पेशींची पाटी आहे. चट्टा टोकाकडे सरकत जातो आणि शेवटी कापला जातो. तिसऱ्या आठवड्यात डाव्या मधल्या बोटाचं टोक आडवं फाटलं. आखूड ठेवल्यामुळे ते मांसापर्यंत गेलं नाही. दिवसातून दोनदा तेल आणि भांडी घासताना हातमोजे, एवढंच त्यांनी नेमाने केलं. साडेतीन महिन्यांनी तीन नखांवरचे चट्टे निघून गेले. अंगठ्याला साडेपाच महिने लागले.

हार्ड जेलची दोन नखं दीड महिन्याने माझ्याकडे दिवसाउजेडी, निवांत घासून काढली. तडा तोवर बराच पुढे सरकला होता.

वेगळं काय करता आलं असतं

त्यांच्या बाजूने बघितलं तर कार्ड सरकवण्याआधी एक फोन. हॉस्पिटलला किंवा पॉलिश लावणारीला, कुणालाही. आणि उचकटायला लागलंच होतं तर पहिलं नख पांढरं दिसल्यावर थांबायला हवं होतं. त्या स्वतः म्हणाल्या की अंगठ्याचं एकसंध निघाल्याचा आनंद इतका झाला की खाली बघितलंच नाही.

पॉलिश लावणारीने दोन नखांवर वेगळं जेल घातलं ते चुकीचं नव्हतं. तडा गेलेल्या नखाला मीही तेच केलं असतं. पण 'हे भिजवून निघणार नाही' हे एक वाक्य ग्राहकाला सांगायला हवं होतं.

माझं म्हणाल तर हाताला हात लावण्याआधी कुठे लावलं, काय लावलं, कुठे दुरुस्ती आहे का, हे तीन प्रश्न. ते विचारले असते तर चटका बसला नसता आणि आठ मिनिटं फुकट गेली नसती. दुसरं, पाचही बोटं बांधण्याआधी एकावर करून पाहायला हवं होतं. करंगळीवर प्रयोग केला असता तर जेल सोक-ऑफ, म्हणजे भिजवून निघणारं, आहे ते कळलं असतं, अंगठ्यावर केला असता तर नाही ते कळलं असतं. म्हणून आता मी सगळ्यात जाड दिसणाऱ्या नखावर आधी करून बघते.

हार्ड जेल त्याच रात्री काढायला हवं होतं का, यावर माझ्या एका सहकारी बाईंचं आणि माझं अजून एकमत नाही. त्यांचं म्हणणं, हॉस्पिटलमध्ये दुसरं कुणी ड्यूटीवर असतं आणि दहाही नखं कोरी हवीत म्हणून अडून बसलं असतं तर? मुद्दा खोटा नाही. फोनवर बोलणारी व्यक्ती आणि परवा भेटणारी व्यक्ती एकच असेल असं मी गृहीत धरलं होतं. निदान उत्तर देणाऱ्याचं नाव आणि वेळ त्या सूचनांच्या कागदावर लिहून घ्यायला मी सांगायला हवं होतं, ते सुचलं नाही.